आदल्या दिवशीचं रडू

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात जेवणाची सुट्टी एकला व्हायची आणि कोर्ट एक वाजून पाच मिनिटांनी भरायचं. मधली पाच मिनिटं हात धुण्याची. हाताला चिकटलेली खळ सुटल्याशिवाय डबा उघडता येत नाही, आणि डबा उघडल्याशिवाय जजबाई तोंड उघडत नसत.

जजबाई हे काही त्यांचं नाव नव्हतं. नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथं ते बावीस वर्षं सुखानं नांदत होतं. जजबाई ही पदवी त्यांना जेवणाच्या टेबलावर मिळाली होती, कारण आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर जे काही घडलं असेल, त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी त्या द्यायच्या. तोवर बाकीच्या बायका आपापली मतं चघळत बसायच्या. निकाल लागला की मतं गिळायची.

कामही त्यांचं तसंच होतं. छापून, घडी घालून आलेला सोळा पानांचा एकेक गठ्ठा, ज्याला तिथं फर्मा म्हणतात, तो क्रमानं दुसऱ्यावर ठेवत जायचं आणि पुस्तक पुरं करायचं. लांबलचक टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या आणि त्याभोवती जजबाईंची प्रदक्षिणा. टेबलाभोवती जेवढं चालल्या तेवढं सरळ चालल्या असत्या, तर एव्हाना समुद्राला लागल्या असत्या. एखादा फर्मा मागेपुढे झाला तर त्यांना बघावं लागत नसे. हात थबकायचा. "अकरानंतर तेरावा आलाय," म्हणायच्या, आणि तेरावाच निघायचा.

हीच नजर त्या 'परतीची वाट बंद' या मालिकेवर रोखून बसायच्या.

"काल सून दवाखान्यात निघाली तेव्हा अंगात हिरवा स्वेटर होता," जजबाई घास तोंडात धरूनच सुरुवात करायच्या. "दवाखान्यात उतरली तेव्हा निळा. सासरा मरणाच्या दारात, आणि ही बया गाडीत कपडे बदलतेय?"

"तरी रंग खुलतो हां तिला निळा," शिलाईवाली म्हणायची. ती शिलाईच्या मशीनवर बसायची, तरुण होती, आणि तिचं प्रत्येक मत कपड्यांपाशी येऊन थांबायचं.

"आणि तो मोठा मुलगा म्हणे कंपनीचा मालक! चार वर्षांत एकदा तरी कंपनीत गेलेला दिसलाय? दिवसभर जिन्यात उभा राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकतो. असल्या घरात पहिल्यांदा दारं लावून घ्यावीत. निम्मी मालिका आटोपेल."

पलीकडे कागद कापायच्या मशीनशेजारी कटरवाला जेवत असे. तो एकटाच पुरुष, त्यामुळे त्याला मालिका आवडत नसत आणि त्यातला एक शब्द तो चुकू देत नसे. "जजबाई, इतकी भिकार आहे तर बघता कशाला?"

"भिकार आहे हे कळायला बघावी लागते. तुमचा संघ दर वेळी आपटी खातो, तरी तुम्ही मॅच बघताच ना? आम्ही विचारतो का कधी?"

कटरवाला आपल्या भाकरीकडं वळायचा. कोर्ट पुढं चालू.

आता हे सगळं वैभव जिथून यायचं, ती जागा म्हणजे जजबाईंच्या घरचा सोफा. दोन मजली लहानसं घर. खाली थोरला भाऊ, म्हणजे जजबाईंचा नवरा, आणि जजबाई, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. तिला सगळे धाकटी म्हणत. मालिकेतल्या जावा एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवत असतात. या दोघी पहिली तीन वर्षं एकमेकींशी फक्त कपडे वाळत घालायच्या दोरीवरून बोलल्या, म्हणजे भांडल्या. "ताई, तुमच्या चादरी माझ्या अर्ध्या दोरीवर येतात." "मग दोरीला सांग, थोडी लांब हो."

मग एके दिवशी वरचा टीव्ही बंद पडला. धाकटी खाली आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, एवढा एक भाग बघू का?" जजबाईंनी सोफ्यावरची इस्त्रीच्या कपड्यांची चळत उचलून जागा केली. वरचा टीव्ही पुढं दुरुस्त झाला. धाकटी मात्र आठ वर्षं 'एवढा एक भाग' बघतच होती.

त्या सोफ्यावर एक नियम होता आणि तो जजबाईंनीच घातला होता. एक नसेल तर दुसरीनं बघायचं नाही. पुढं काय होणार ते दोघींना एकाच वेळी कळलं पाहिजे. धाकटीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा ती नऊ दिवस दवाखान्यात होती. ते नऊ दिवस जजबाईंनी टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकून ठेवला. एवढंच नाही, कारखान्यात जाहीर केलं की माझ्यासमोर मालिकेचा 'म' काढायचा नाही. नऊ दिवस कोर्टाला टाळं. बायका जेवताना हवापाण्यावर बोलल्या आणि कंटाळून अर्धमेल्या झाल्या. धाकटी घरी आल्यावर रविवारी पुनःप्रक्षेपणात दोघींनी जमतील तेवढे भाग एका बैठकीत बघितले. जजबाईंचा नवरा भुकेनं तीनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "आपल्या घरात कोणी मेलं असतं तर निदान शेजाऱ्यांनी जेवण आणून दिलं असतं, नाही का?"

गेल्या वर्षी मात्र कोर्टाला वाईट दिवस आले. पुढच्या भागात काय घडणार याचेही निकाल जजबाई देत असत, आणि ते चुकायला लागले. ओळीनं सात चुकले. लग्न मोडणार म्हणाल्या, लागलं. बाळ सापडणार म्हणाल्या, मुळात बाळच नव्हतं असं निघालं. कटरवाल्यानं कागदाच्या कातरणीवर 'सातपैकी भोपळा' असं लिहून ती मशीनवर चिकटवली. त्या संध्याकाळी जजबाईंनी चहाला तोंड लावलं नाही. धाकटीला म्हणाल्या, "मालिका बिघडल्यात की माझं डोकं, कळत नाही बघ. बावीस वर्षं क्रम लावतेय. पुढचं पान कुठलं ते मला कळायला पाहिजे."

"कळतं हो ताई तुम्हाला," धाकटी म्हणाली. "तुम्ही घाई करता इतकंच."

आणि खरंच, नंतर दिवस पालटले. निकाल पटापट बरोबर यायला लागले. कटरवाल्यानं कातरण स्वतःच्या हातानं काढली. यात धाकटीचाही वाटा होता, हे जजबाई मोकळ्या मनानं सांगायच्या. भाग संपला की धाकटी हळूच काहीतरी बोलून जायची. "तो ड्रायव्हर आज नीट जेवला नाही, नाही ताई?" एवढं ऐकलं की जजबाईंच्या डोक्यात दिवा पेटायचा. ड्रायव्हर पळून जाणार! आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पळालेला असायचा. "आमच्या धाकटीची नजर तयार झालीय," त्या टेबलावर सांगायच्या. "माझ्या हाताखाली शिकली. नाहीतर आली तेव्हा खलनायिका कोण हे तिला गाणं वाजल्यावर कळायचं."

मग तो सोमवार आला.

मालिकेतले आजोबा तीन महिने खोकत होते. त्या सोमवारी ते बरे झाले. अंगणात खुर्ची टाकून बसले, नातवंडांना गंमत सांगायला लागले, स्वतःच खदखदा हसले. जजबाईही हसल्या आणि हसता हसता शेजारी बघितलं. धाकटीनं रुमाल डोळ्यांना लावला होता. खांदे हलत होते.

जजबाईंचा हात थबकला. हातात काही नव्हतं, नुसता मांडीवर होता, तरी थबकला.

पडद्यावर आजोबांनी नातवाच्या पाठीवर थाप मारली, पाणी मागितलं, पेला ओठाला लावला. पेला पडला. आजोबा खुर्चीतच कलंडले. आता कुठं रडायचं पान आलं होतं. धाकटीचं अर्धं रडून झालं होतं.

"मॅनेजरच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बघितलं का ताई?" नाक पुसत धाकटी म्हणाली. आजोबांच्या घराची कागदपत्रं कोणीतरी चोरली होती आणि साऱ्या प्रेक्षकवर्गाचा संशय कंपनीच्या मॅनेजरवर नव्हता, आत्यावर होता.

जजबाईंच्या डोक्यात दिवा पेटला. पण त्या उजेडात या वेळी भलतंच काहीतरी दिसायला लागलं. त्यांनी तो विचार झटकला. आजोबा म्हातारे आहेत, हसताना बघूनही एखादीला भरून येतं. धाकटीचं मन मेणाचं आहे. मी काय पोलीस आहे?

मंगळवारी कोर्टात त्यांनी ठणकावून सांगितलं, "आत्या निर्दोष आहे. कागद मॅनेजरनं चोरलेत, आणि आजच बाहेर येणार."

टेबलावर एकच गलका झाला. आत्याला फाशी द्यायच्या तयारीत बसलेल्या बायका ऐकेनात. कटरवाला म्हणाला, "लिहून ठेवू का कातरणीवर?"

"ठेवा. मोठ्या अक्षरात."

"भांडता कशाला?" शिलाईवाली म्हणाली. "माझ्या बहिणीला विचारते ना. तिनं काल संध्याकाळीच बघितला असेल."

"काय बघितला?"

"आजचा भाग. फोनवर त्या चॅनेलचं ॲप असतं, त्यात एक दिवस आधी येतो. हल्ली बऱ्याच जणी तसंच बघतात. विचारू?"

"नको," जजबाई म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या, की शिलाईवालीला वाटलं घास अडकला, आणि तिनं पाणी पुढं केलं.

दुपारभर त्या टेबलाभोवती फिरत होत्या आणि डोक्यात एकेक फर्मा आपल्या जागी बसत होता. ड्रायव्हर. हरवलेली अंगठी. 'डॉक्टर आज फार गोड बोलतोय, नाही?' धाकटीचा नवा फोन कधी आला? गेल्या वर्षी. सात निकाल कधी चुकले? त्याच्या आदल्या महिन्यात. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका पुस्तकात नववा फर्मा दोनदा घातला. शिलाईवालीच्या लक्षात आलं. तिनं गुपचूप एक काढून ठेवला.

संध्याकाळी पावणेआठला धाकटी खाली आली. नेहमीसारखी डाव्या कोपऱ्यात बसली, उशी मांडीवर घेतली. जजबाईंनी टीव्ही लावला नाही.

"काय सांगू धाकटे," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्या भिंतीकडं बघून बोलत होत्या. "आज माझ्याकडून नियम मोडला. शिलाईवालीनं फोनवर आजचा भाग दाखवला. आपला निकाल साफ चुकला गं. कागद आत्याच्याच कपाटात निघाले."

"असं कसं? मॅनेजरच्या टेबलाच्या खणात..."

धाकटी थांबली. उशी घट्ट धरली.

"खणात," जजबाई म्हणाल्या. "बरं. वरच्या की खालच्या?"

"ताई..."

"सांग ना. तू बघितलंयस. मी नाही बघितलं. मी कुणाच्याही फोनवर काही बघितलं नाही."

धाकटीचे कान लाल झाले. "खालच्या," ती म्हणाली.

"किती दिवस चाललंय?"

"रिचार्ज केला ना, त्याच्याबरोबर ते ॲप फुकट आलं होतं. सहज उघडलं. एकदाच बघायचं ठरवलं होतं."

"एवढा एक भाग," जजबाई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही तेव्हा चहासुद्धा घेत नव्हता हो! सगळ्या हसत होत्या म्हणालात तुम्हाला. मला वाटलं, मी जरासं सुचवलं तर तुमचं तुम्हालाच सापडेल. मी कधी सरळ सांगितलं का? तुम्हीच ओळखायचात. मी नुसतं..."

"नुसतं पान दुमडून ठेवायचीस."

धाकटी उशीचा कोपरा मुरगाळायला लागली.

जजबाईंना राग कशाचा आला हे त्यांना नीट सांगता येईना. निकालांचा आलाच. वर्षभर आपण न्यायाधीश म्हणून बसलो आणि निकालपत्र वरच्या मजल्यावरून लिहून येत होतं. पण तो राग समजण्यासारखा होता, त्याला हातात धरता येत होतं. खाली दुसरंच काहीतरी होतं.

"काल आजोबा गेले," त्या म्हणाल्या. "तू ते आदल्या दिवशीच बघितलं होतंस."

"हो."

"तेव्हा रडलीस?"

"रडले. वर. कणीक मळताना."

"मग काल इथं कशाला रडलीस?"

धाकटीनं वर बघितलं. "तुम्ही रडणार होतात म्हणून. तुम्ही एकट्या कशा रडणार?"

हे ऐकून दुसरी एखादी विरघळली असती. मालिकेतली तर नक्कीच, आणि मागं बासरीही वाजली असती. जजबाई मात्र अंगावर गार पाणी पडल्यासारख्या बसून राहिल्या. एकट्या? म्हणजे वर्षभर आपण एकट्याच होतो! मालिकेतली सून घराबाहेर पडली तेव्हा धाकटीचा हात आपल्या हातात होता. मालिकेतल्या भूकंपात ते पुठ्ठ्याचं घर पडलं तेव्हा दोघी एकदम किंचाळलो होतो, आणि नवरा चप्पल न घालता बाहेर धावला होता. ती किंकाळीसुद्धा शिळी? शेजारी बसलेली बाई शेजारी नव्हतीच. ती एक दिवस पुढं जाऊन, परत येऊन, आपण कधी दचकतो ते बघत बसली होती.

"नऊ दिवस मी टीव्हीवर कापड टाकून बसले होते गं," त्या म्हणाल्या. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

"माहितेय मला."

"माहितेय तुला. तुला सगळं आधीच माहितेय. जा वर."

धाकटी गेली. जाताना उशी जागेवर ठेवून, तिच्या सुरकुत्या नीट करून गेली. जजबाईंनी त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही.

नवऱ्याला प्रकरण कळलं तेव्हा त्यानं वर्तमानपत्र खाली केलं. हे तो क्वचितच करत असे. "म्हणजे तिनं एक दिवस आधी बघितलं. एवढंच ना? मला वाटलं जिना पडला."

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाहीच कळत. मालिकेत बायको नवऱ्याला विष घालते तर तुम्ही दोघी 'बरं केलंस' म्हणता. आणि इथं..."

"विष परवडलं," जजबाई म्हणाल्या. "विष निदान एकदाच घालतात."

नवऱ्यानं वर्तमानपत्र पुन्हा उचललं आणि त्या दिवशीचा चहा स्वतःच करून घेतला. सावधपणा म्हणून.

बुधवारी एक वाजून पाच मिनिटांनी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरच्या खणात कागद सापडले होते. कटरवाल्यानं मशीनवर नवी कातरण चिकटवली होती, 'जजबाई अमर रहे'. शिलाईवाली म्हणाली, "मानलं हो तुम्हाला! कसं ओळखलंत?"

जजबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "मी नाही ओळखलं," त्या म्हणाल्या. "मला आधी सांगितलं होतं."

"कुणी? मॅनेजरनं?" कटरवाला म्हणाला आणि टेबल हसलं.

"खरंच सांगतेय. गेल्या वर्षभरातले माझे निकाल माझे नाहीत. आमच्या धाकटीनं फोनवर आधी बघितलं आणि मला सुचवलं. मला ठाऊक नव्हतं. ती कातरण काढा."

हसू एका बाजूनं विझत विझत दुसऱ्या बाजूला पोचलं. मग एकीनं विचारलं, "सगळेच? तो ड्रायव्हरसुद्धा?"

"ड्रायव्हरसुद्धा."

"पण स्वेटर तुमचाच होता," शिलाईवाली हळूच म्हणाली. "हिरव्याचा निळा झाला ते तर तुम्हीच पकडलंत."

जजबाईंना त्याही अवस्थेत बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. "स्वेटर माझा," त्या म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. कटरवाल्यानं उठून कातरण काढली. टाकली नाही, खिशात ठेवली.

त्यानंतर दोन दिवस आठ वाजता दोन्ही मजल्यांवर शांतता होती. दोरीवर चादरी सरळ रेषेत आपापल्या अर्ध्यात वाळत होत्या. तिसऱ्या दिवशी, आठला पाच कमी असताना, धाकटी दारात उभी राहिली. हातात फोन. ती जजबाईंच्या समोर आली, फोन त्यांना दिसेल असा धरला आणि ते ॲप काढून टाकलं. 'नक्की काढायचं का?' असं फोननं विचारलं. तिनं जजबाईंकडं बघितलं. जजबाई तिच्या बोटाकडं बघत होत्या. तिनं 'हो' दाबलं.

"आजचा मी बघितलेला नाही, ताई. शपथ घेऊ?"

"शपथा मालिकेत घेतात," जजबाई म्हणाल्या. "बस."

धाकटी डाव्या कोपऱ्यात बसली. टीव्ही लागला. आजोबांचं मृत्युपत्र वाचायला वकील आला होता. सगळं घर गोलाकार उभं होतं, कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन तीनदा जात होता. वकिलानं चष्मा पुसला, पाकीट फाडलं. असला प्रसंग जजबाईंनी एरवी कच्चा खाल्ला असता.

पण त्या पडद्याकडं बघत नव्हत्या. त्या धाकटीकडं बघत होत्या. तिच्या भुवया कधी वर जातात, वकील बोलायच्या आधी की नंतर. श्वास कधी रोखते. रुमालाकडं हात कधी जातो. एकदा धाकटीनं तोंडावर हात ठेवला आणि पडद्यावरून किंकाळी आली. आधी हात की आधी किंकाळी? जजबाईंना नक्की सांगता येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना क्रम सांगता येत नव्हता.

"ताई," धाकटी डोळे पडद्यावरून न काढता म्हणाली, "असं नका ना बघू. मला कसं बसावं कळेना."

"मी कुठं बघतेय? तू बघ."

जाहिराती लागल्या, संपल्या. भाग संपला. नावं वर सरकायला लागली. धाकटीचे गाल ओले होते. ते आजचे असतील, असं जजबाईंना मनापासून वाटायचं होतं.

"बाई बाई बाई," धाकटी म्हणाली. "आजोबांनी असं लिहून ठेवलं असेल, असं तुम्हाला वाटलं होतं का?"

जजबाईंनी रिमोट उचलला. मृत्युपत्रात काय लिहिलं होतं, घर कुणाला गेलं, कोण किंचाळलं, यातलं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर धाकटीनं सगळं सांगितलं असतं.

"हो," जजबाई म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला.